नेरूळच्या परसात माती टाकण्याआधी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. नेरूळला रो-हाऊस घेतलंत. मागे बारा फूट खोल आणि पंधरा फूट रुंद अशी मोकळी जागा आहे, आधीच्या मालकाने घातलेली फरशी तुम्ही उखडून काढलीत. आता लाल मातीच्या किती गोण्या मागवू, खत कुठलं घालू, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत भाजीपाला, मोगरा आणि एक लिंबू लावून होईल का?

गोण्यांचा हिशेब देते, पण जरा पुढे. कारण तुमचा खरा प्रश्न मातीचा नाहीच. फरशीखाली काय भरलंय आणि जुलैत पडलेलं पाणी तिथून कुठे जाणार, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. ते न सोडवता वर कितीही उत्तम माती ओतली तरी पहिल्या पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि मार्चपर्यंत वीट होते. वीसेक वर्षं ठाणे-नवी मुंबईत लोकांच्या बागा करून देतेय, आणि बिघडलेल्या बागा दुरुस्त करायला बोलावतात तेव्हा दहातल्या सात ठिकाणी दुखणं हेच निघतं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सोळा-सतरा वर्षांपूर्वी सीवूड्समध्ये एका बंगल्याच्या मागे दोन ब्रास, म्हणजे दोनशे घनफूट, लाल माती टाकून घेतली. दिसायला काय सुंदर! खाली दाबलेला मुरूम होता, तो मी पहारीने नुसता टोचून बघितला आणि सोडून दिला. वर सहा पपया लावल्या. जूनमध्ये त्या हातभर वाढल्या. जुलैत सलग तीन दिवस कोसळला तेव्हा मुरमावर पाणी अडलं, वरची माती भिजलेल्या पावासारखी झाली आणि आठवडाभरात सहाच्या सहा पपया माना टाकून गेल्या. पपईच्या मुळांना दीड-दोन दिवसही पाण्यात उभं राहणं सोसत नाही. तेव्हा करावे गावातले एक आगरी आजोबा बघायला आले होते. म्हणाले, “आधी पान्याला वाट कर, मंग झारां लाव.” खाडीकाठी बांध घालून भात पिकवलेली माणसं ती. त्यांच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे ओहोटीला उघडणारी आणि भरतीला मिटणारी झडप. शेतातलं पाणी बाहेर काढायचं, पण खाडीचं आत येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं पहिलं काम आणि पेरणी त्यानंतरची. नवी मुंबईत सखल भागांसाठी पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे धारण तलाव ठेवलेत, त्यांच्या तोंडाशी भरतीच्या झडपा आहेत, तेही याच हिशेबाने.

आता तुमच्याकडे नेमकं काय असेल ते मी इथून सांगू शकत नाही, कारण नेरूळ एक नाही. १९७० नंतर सिडकोने हे शहर वसवायला घेतलं तेव्हा पारसिकच्या डोंगराकडची बाजू मुरमाड, खडकाळ होती आणि पाम बीच रस्त्याकडची बाजू भातखाचरं, खाजण, मिठागरं अशी. खाडीकडच्या भागावर भराव पडला, भरावावर बांधकाम झालं आणि बांधकामाचा उरलेला राडारोडा परसातच दाबला गेला. म्हणून तुमचं घर सायन-पनवेल महामार्गाच्या वरच्या, डोंगराकडच्या अंगाला असेल तर अडचण निराळी: दोन फुटांवर खडक, माती पातळ, पण खारटपणा नाही. खाडीकडे असेल तर खाली काळी चिकट माती आणि उन्हाळ्यात वर चढणारं मीठ. ठाण्यातही हेच आहे. येऊरच्या पायथ्याला घोडबंदर रोडवर पहार खडकावर आपटते, बाळकुम-कोलशेतच्या खाडीकडे ती चिखलात रुतते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे खड्डा. जागेच्या मध्यावर नको, सगळ्यात सखल कोपऱ्यात घ्या. एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल. गडी लावलात तरी स्वतः उभे राहा आणि निघेल तो प्रत्येक थर वेगळा ठेवायला सांगा. गेल्या वर्षी नेरूळमध्येच घेतलेल्या एका खड्ड्याचं वर्णन करते, म्हणजे काय बघायचं ते कळेल. वरचे चार बोटं करडी, राखेसारखी सिमेंट-वाळू. त्याखाली निळ्या बाथरूम टाइल्सचे तुकडे, वायरीचं वेटोळं, गुटख्याच्या पुड्या, अर्धी वीट. मग फूटभर पिवळसर मुरूम, इतका दाबलेला की टिकाव उडत होता. आणि अगदी तळाला साबणासारखी गुळगुळीत काळी माती, हातात घेतली तर ओहोटीच्या खाडीचा वास. एका फुटाच्या चौकोनात शहराचा सगळा इतिहास निघाला म्हणा ना.

खड्डा काठोकाठ पाण्याने भरा आणि जिरू द्या. ही पहिली वेळ मोजायची नाही, कारण कोरडी माती हपापल्यासारखं पिते. जिरलं की पुन्हा भरा, त्यात एक फूटपट्टी उभी खोचा आणि तासाने बघा. पाणी इंचभरही उतरलं नाही तर तिथे निचरा नाही, जमिनीत काही लावायच्या भानगडीत पडू नका, उंच वाफेच करा. एक ते तीन इंच उतरलं तर उत्तम. पाच-सहा इंच झरकन गेलं तर खाली राडारोड्याच्या पोकळ्या आहेत, तिथे पाणी साचणार नाही पण टिकणारही नाही. मग खड्डा लगेच बुजवू नका. वर फळी ठेवा, मांजर-मूल पडायला नको आणि डासही नकोत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दोन-तीन दिवस तळाशी ओल येते का बघा. एप्रिलमध्ये कोरडा राहिला म्हणजे सुटलात असं मात्र नाही, जुलैत हाच कोपरा पुन्हा उघडून बघायचा.

खारटपणाची खूण उन्हाळ्यात सर्वात स्पष्ट दिसते, म्हणजे अगदी याच दिवसांत. कंपाउंडच्या भिंतीच्या तळाला आणि मातीवर पांढरी भुकटी फुललीय का? पाणी खालून वर चढतं, वर येऊन वाळतं आणि मीठ मागे राहतं. पूर्वीचे शेतकरी चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे. तुम्ही ठेवू नका, तुमच्या मातीत सिमेंट आणि रंगाचे पापुद्रे आहेत. त्याऐवजी पाव किलो-अर्धा किलो माती सुकवून तपासून घ्या. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, भाताच्या खारं पाणी सोसणाऱ्या पनवेल जाती तिथल्याच. शिवाय कृषी खात्याच्या प्रयोगशाळा आहेत. अहवालात दोनच आकडे बघा. सामू (pH) साडेसहा ते साडेसातच्या मध्ये असेल तर छान. विद्युत वाहकता (EC, dS/m मध्ये), म्हणजे मिठाचं माप, एकच्या आत असेल तर निश्चिंत राहा, दोनच्या वर घेवड्यासारखी नाजूक पिकं कुरकुरतात, चारच्या वर जमीन खारवट धरतात. यातली बरी बातमी अशी की मीठ पाण्यात विरघळतं आणि आपल्याकडे वर्षाला सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. निचरा करून दिलात तर एका पावसाळ्यात बरंचसं मीठ धुऊन जातं. निचराच नसेल तर ते तिथेच घुटमळतं आणि मार्चमध्ये पुन्हा वर येतं. घरात बोअरचं पाणी असेल तर तेही तपासा. पाण्यातच खार असेल तर माती धुवायची कशाने?

सिमेंटचा चुना ही दुसरी पीडा. ओळखायला सोपी: मूठभर सुक्या मातीवर व्हिनेगर ओता किंवा लिंबू पिळा. सोड्यासारखे बुडबुडे आले की चुना भरपूर. अशा मातीत अनंत, एक्झोरा, मोगरा यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक मग खतावर खत घालतात. लोह मातीत असतंच, चुन्यामुळे झाडाला ते उचलता येत नाही. उपाय एकच, राडारोडा उचलून बाहेर काढणं. आणि माती काळी असून तिला तेलाचा किंवा केमिकलचा वास येत असेल तर पालेभाजी त्यात मुळीच लावू नका. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने कित्येक दशकांचे आहेत आणि भराव कुठून आलाय ते कुणालाच ठाऊक नसतं.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. तुमच्या गच्चीचा पाइप कुठे उतरतो? साधा हिशेब करू. परस १८० चौरस फुटांचं आहे. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत असे दिवस येतातच, तर परसावर थेट पडतं साधारण सोळा-सतराशे लिटर पाणी. पण ५०० चौरस फुटांची गच्ची त्याच दिवशी साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी गोळा करते. तो पाइप परसात मोकळा सुटला असेल तर तुमच्या बागेवर एकट्या आभाळाचा पाऊस पडत नाही, त्याच्या जवळजवळ चौपट पडतो. कोपरखैरणेच्या एका बागेत मी वाफे दोनदा नव्याने बांधले, तिसऱ्यांदा वर मान करून बघितलं तेव्हा कोपऱ्यात पाइपाचं तोंड दिसलं. प्लंबरने अर्ध्या तासात वळवला. तुम्ही हे काम सर्वांत आधी करा. पाइप थेट पावसाळी गटाराला जोडा. मैलापाण्याच्या चेंबरला नाही, नाहीतर जोराच्या पावसात ते उलटं भरून घरात येतं. आणि चेंबरचं झाकण मातीखाली गाडू नका, कधीतरी ते उघडावं लागतंच आणि ती वेळ नेमकी गणपतीत येते.

त्यानंतर उतार. घराकडून कंपाउंडकडे बारा फुटांत दीड-दोन इंचांचा उतार पुरतो. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी घेऊन तपासा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. कंपाउंडलगत नऊ इंच रुंद, फूटभर खोल चर काढा, त्यात खडी भरा, वर शेडनेटचा तुकडा अंथरा म्हणजे माती उतरून चर बुजणार नाही. या चराचं तोंड पावसाळी गटाराकडे. ही झाली तुमची उघाडी.

राडारोडा उचलताना हातमोजे आणि बूट घाला. विटांच्या ढिगाखाली विंचू असतो, कधी सापही. घुशीचं बीळ सापडलं तर ते कंपाउंडच्या पायाखाली जातंय का बघून विटांचे तुकडे ठासून सिमेंटने बंद करा, नुसती माती लोटलीत तर दुसऱ्या रात्री पुन्हा उघडं. परसात जुनं मोठं झाड असेल तर ते तोडण्याआधी महापालिकेची परवानगी लागते, १९७५ पासून तसा कायदा आहे.

वाफे आखण्याआधी उन्हाबद्दल बोलायला हवं, कारण इथे मे महिना सगळ्यांना फसवतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला आपल्याकडे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते. त्या सुमारास कुठलंही परस उन्हात न्हालेलं दिसतं. पण टोमॅटो, वांगी, मिरची यांचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला इतका कलतो की सावली उंचीच्या नव्वद टक्के लांब पडते. दक्षिणेला पाच फुटांचं कंपाउंड असेल तर साडेचार फुटांचा पट्टा दुपारीही सावलीत. दक्षिणेला पंचवीस फूट उंच घर असेल तर तुमचं पूर्ण परस हिवाळाभर अंधारात, आणि मग फळभाज्या विसरून अळू, पुदिना, ओवा, आंबेहळद असं काही करायचं. मोबाइलवरचं होकायंत्र उघडा, दक्षिण कुठे ते बघा आणि खडूने सावलीची रेघ मारून ठेवा. ज्या भागात डिसेंबरात किमान पाच-सहा तास ऊन राहील तिथे फळभाजी, बाकी ठिकाणी पाला.

आता वाफे. घराच्या भिंतीला माती टेकवायची नाही, हे पहिलं. जोत्याच्या वर माती चढली की आतल्या भिंतीला ओल येते आणि बागेचं खापर बिल्डरवर फुटतं. भिंतीपासून दोन फूट मोकळे सोडा. मग पंधरा फुटांच्या बाजूला समांतर तीन फूट रुंद, बारा फूट लांब वाफा. मध्ये दोन फुटांची वाट. पुन्हा तसाच दुसरा वाफा. राहिलेले दोन फूट कंपाउंडलगतच्या चराला आणि झाडलोटीला. बारा फूट बरोबर भरले. लांबीतले तीन फूट उरतात तिथे सुका पाला कुजवायचा पिंप आणि नळ. वाफा तीन फुटांहून रुंद करू नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे मातीवर पाय पडत नाही, आणि पाय न पडलेली मातीच भुसभुशीत राहते. उंची एक फूट. कडेला जांभ्याचे चिरे, विटा, काय मिळेल ते, फक्त खालच्या थराच्या सांध्यांत सिमेंट भरू नका, पाणी तिथूनच झिरपतं. वाफ्याखालचा दाबलेला मुरूम मात्र पहारीने अर्धा फूट तरी फोडून सैल करा. माझ्या पपया याच आळसापायी गेल्या होत्या.

आता तुमच्या गोण्या. दोन वाफे, प्रत्येकी तीन गुणिले बारा गुणिले एक, म्हणजे ७२ घनफूट. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण सव्वा घनफूट माती मावते, म्हणून साठेक गोण्या भरतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा पाऊण ब्रासला थोडी कमी. पण हे सगळं विकत आणायचं नाही! निम्मी तुमचीच माती, वाळू चाळायच्या जाळीतून चाळलेली. पाव भाग लाल माती, म्हणजे पंधरा गोण्या. उरलेला पाव भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, त्याच्याही पंधरा. साठ गोण्या लाल माती आणून टाकायची हौस इथे फार आहे, रंगाला भुलतो आपण. पण नुसत्या लाल मातीत जीव कमी असतो आणि सुकली की ती दगड होते. पाहुणी म्हणून थोडी असू दे.

तुमची माती चाळून वापरण्याजोगी आहे का, हे ठरवायला माझी आवडती परीक्षा मेथीची. दोन कुंड्या घ्या. एकीत चाळलेली माती आणि खत यांचं मिश्रण, दुसरीत ओळखीच्या कुणाच्या चांगल्या कुंडीतली माती. दोन्हींत चमचा-चमचा मेथी पेरा, सारखंच पाणी घाला. तीन-चार दिवसांत दोन्हीकडे उगवलं आणि दहाव्या दिवशीही तुमच्या कुंडीतली मेथी तितकीच हिरवी, ताठ असली तर माती पास. टोकं करपली, रोपं खुजी राहिली किंवा निम्मीच उगवली तर मीठ, चुना किंवा कच्चं खत यातलं काहीतरी आहे. मग तुमच्या मातीचा वाटा वगळा आणि लाल माती पंधराऐवजी पंचेचाळीस गोण्या आणा, दुसरा इलाज नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी मेथी उत्तर देते, वर भाजीही होते (पास झाली तरच).

खत घेताना गोणीत कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, परत पाठवा. कच्च्या शेणखताबरोबर मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या येतात, वाळवी येते आणि न विचारता लव्हाळा हे चिवट तणही येतं. लव्हाळ्याची गाठ एकदा मातीत गेली की खुरप्याने कापून ती जात नाही, उलट दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या गाठी पसरत जातात. चाळताना काळपट, वाटाण्याएवढ्या गाठी दिसल्या तर एकेक वेचून कचऱ्यात, कंपोस्टात नाही. चांगलं खत काळं, हलकं, पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या वासाचं असतं. सुकलं तरी ढेकूळ बोटांनी चुरगळतं.

आणि पंधराच्या पंधरा गोण्या आत्ता घालू नका. दुकानदार हे सांगणार नाही. आपल्या पावसात नत्र साबणाच्या फेसासारखं वाहून जातं. मेमध्ये घातलेल्या खताचा मोठा हिस्सा ऑगस्टपर्यंत गटारात गेलेला असतो. आता सात-आठ गोण्या, बाकीच्या ऑक्टोबरात. तोवर ती जागा भरायला वाफ्याच्या तळाशी सुक्या पाल्याचा चांगला वीतभर थर दाबून घाला. फेब्रुवारीपासून रस्त्याकडेला बदामाच्या, वर्षावृक्षाच्या पाल्याच्या गोण्याच्या गोण्या पडलेल्या असतात, सफाई करणाऱ्यांना विचारलंत तर आनंदाने देतील. पावसात तो पाला कुजतो, वाफा तीन-चार इंच खाली बसतो आणि तिथे ऑक्टोबरचं खत बरोबर मावतं. निंबोळी पेंड लावणीच्या वेळी आळ्यात मूठभर पुरे. कोकोपीट घालायचंच असेल तर दोनदा गोड्या पाण्यात धुऊन घ्या, त्यातही मीठ असतं. युरिया-डीएपी पहिल्या वर्षी नकोच.

वेळेचं गणित सांगते. मान्सून आपल्याकडे सरासरी ११ जूनच्या सुमारास येतो, मृग लागल्यावर दोन-चार दिवसांनी. आज एप्रिल संपत आलाय, म्हणजे सहा आठवडे हातात आहेत. पहिल्या आठवड्यात पाइप वळवणं आणि खड्डा. दुसऱ्या-तिसऱ्यात राडारोडा, चाळणी, चर, आणि मेथी याच दिवसांत पेरून टाका. चौथ्यात वाफे भरून होतील. मग माती एकदा भरपूर भिजवा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद करा आणि पाऊस येईपर्यंत तसंच तापू द्या. पारदर्शकच हवं, काळं नको. ऊन आत शिरलं तरच माती तापते. वरच्या थरातलं तणांचं बी आणि बऱ्याच बुरश्या यात मरतात. लव्हाळा मात्र याला दाद देत नाही.

तुम्हाला यंदाच सगळं लावायचंय हे कळतं. माझं म्हणणं असं की एका वाफ्यात यंदा भाजी लावा आणि दुसरा, निचरा कमी आहे तो, पावसाळाभर मातीसाठी सोडा. त्यात जूनच्या पहिल्या सरीनंतर धैंचा, म्हणजे वाढवून मातीतच कुजवायचं पीक, रात्रभर भिजवून दाट फेका, मूठभर बी पुरतं. खारवट, पाणथळ जमिनीला धैंच्यासारखं हिरवळीचं खत नाही. त्याची मुळं मुरूम भेदत खाली जातात आणि त्यांच्यावरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. सहा-सात आठवड्यांत कंबरेच्या वर जातो. फुलं धरायच्या आत, खोड कोवळं असतानाच, कोयत्याने कापून बोटभर तुकडे करा आणि तिथेच मातीत दाबा. कापायला उशीर केलात तर खोडं काठ्यांसारखी होतात आणि कुजायला दिवाळी येते. दोन-तीन आठवड्यांत तो मातीत विरतो. गणपतीनंतर त्या वाफ्यात हात घालून बघा, मनगटापर्यंत सहज जाईल.

भाजीच्या वाफ्यात पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की भेंडी, काकडी, शिराळं, पडवळ, कारलं. वेलांना मांडव पहिल्याच दिवशी उभा करा, नंतर उभा करताना मुळं दुखावतात. मातीवर पाल्याचं आच्छादन हवंच. आपल्या पावसाचा थेंब उघड्या मातीवर पडला की चिखल उडून पानाच्या खाली बसतो आणि तिथूनच करपा सुरू होतो. फक्त गोगलगायी त्याच पाल्याखाली लपतात. संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. ते मीठपाणी बागेत ओतू नका हे सांगायला नको, पण एकीने ओतलं होतं म्हणून सांगते. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं सप्टेंबरात ट्रेमध्ये करून ठेवा आणि हस्ताचा पाऊस ओसरला की लावा.

मोगरा वाफ्याच्या कडेला, जिथे ऊन जास्त तिथे चालेल, पण पायाशी पाणी थांबता कामा नये. चराच्या तोंडाशी जी सततची ओल राहते तिथे अळू लावा, फार तर एक केळ. जे पाणी बाकी झाडांना मारतं त्याच्यावर ही दोघं पोसतात.

लिंबू मात्र यंदा जमिनीत लावू नका. कलम आणलंच असेल तर मोठ्या कुंडीत किंवा अर्ध्या पिंपात ठेवा आणि पिंप दोन विटांवर. तो सखल कोपऱ्यातला खड्डा जुलैच्या उधाणात आणि ऑगस्टच्या झडीत पुन्हा बघा. दोन्ही वेळा तळ दोन-तीन तासांत मोकळा झाला तर पुढच्या जूनमध्ये, चरापासून लांबच्या बाजूला, दीड फुटाचा उंचवटा करून लिंबू त्यावर लावा. पाणी तसंच उभं दिसलं तर ते कायमचं पिंपातच बरं. खड्ड्याचं माप, मेथीच्या दोन्ही कुंड्यांचे फोटो आणि दक्षिणेला काय आहे ते कळवलंत तर वाफ्यांची दिशा आणि मांडव कुठल्या बाजूला ते नेमकं सांगता येईल.